मणिबेलीचं दप्तर

महाराष्ट्र विधानसभेच्या मतदारसंघांची यादी अक्कलकुव्यापासून सुरू होते आणि अक्कलकुव्याच्या मतदान केंद्रांची यादी मणिबेलीपासून. राज्य मोजायला घेतलं की पहिलं बोट या गावावर पडतं. दर निवडणुकीला वर्तमानपत्रात बातमी येते. मतदान यंत्रं घेऊन बार्जमधून निघालेल्या कर्मचाऱ्यांचा फोटो छापला जातो. मागे सातपुड्याचे डोंगर, पुढे नर्मदेचं अडवलेलं रुंद पाणी. गाव त्या फोटोत सहसा नसतं. आज जे आहे ते उतारावर वर सरकलेलं आहे, आणि जुनं पाण्याखाली आहे.

या गावाचा इतिहास लिहावा असं मला फार दिवसांपासून वाटतं. धुळे-नंदुरबारकडच्या माणसाला असं वाटायला एक कारण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या अखेरीस धुळ्यात होते. ३१ डिसेंबर १९२६ला ते तिथेच गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. गावोगावचे वाडे, देवघरं, माळे धुंडाळून या माणसाने कागद मिळवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड त्यातून निघाले. अस्सल कागद हातात असल्याशिवाय विधान करायचं नाही, ही शिस्त आमच्या भागाला त्यांच्यामुळे लागली आणि तिचा मला अभिमान आहे. मणिबेली तेव्हा त्याच जिल्ह्यात, पश्चिम खानदेशात होती. पण तिथे वाडा नव्हता, माळा नव्हता आणि रुमालात बांधून ठेवलेलं दप्तरही नव्हतं. राजवाड्यांच्या पद्धतीने निघालो तर मणिबेलीच्या इतिहासाचं पहिलंच पान कोरं राहतं.

इंग्लंडमधल्या एखाद्या लहान खेड्याचा इतिहास लिहिणाऱ्याकडे मी म्हणूनच असूयेने पाहतो. १०८६ साली विल्यम राजाने करवून घेतलेल्या मोजणीत, डूम्सडे बुकात, त्याला आपल्या खेड्यातले नांगर आणि पाणचक्क्या सापडतात. १५३८मध्ये थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं नोंदवून ठेवावीत. तेव्हापासून शेतमजुराच्या घरातलं मूलही वहीत जन्मतं आणि वहीत मरतं. गिल्बर्ट व्हाइट नावाचा धर्मगुरू सेलबोर्न या आपल्या गावातले पक्षी, झाडं, पाऊस टिपत राहिला आणि १७८९मध्ये त्याचं पुस्तक झालं. दोनशे वर्षांहून अधिक काळ लोक ते वाचताहेत. अशा गावाबद्दल लिहायला बसणाऱ्यापुढे प्रश्न असतो तो कागदांतले कोणते घ्यायचे आणि कोणते सोडायचे, एवढाच.

मराठीतही गावाचा मोठा ग्रंथ आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५चा. पाटील, कुलकर्णी, बारा बलुतेदार, फिरस्ते, देणी-घेणी असं सगळं गाव त्यात हलतं-बोलतं उभं आहे. पण ते देशावरचं गाव आहे. सातपुड्याच्या नर्मदेकडच्या उतारावर गाव म्हणजे लांब लांब पसरलेले पाडे. एका घराची हाक दुसऱ्या घराला जेमतेम पोचावी एवढं अंतर. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, घराभोवती आपलंच शेत. त्यात ज्वारी, मका, तूर आणि भगर, मोर अशी भरडधान्यं. खाली नदीत मासे, वर जंगलात मोहाची फुलं, डिंक, चारोळी. कुलकर्णी नसल्यामुळे लिहिणारं कुणी नव्हतं. आणि महसुलाचं बूड ज्या जमिनीच्या कागदावर टेकतं, तो कागदच इथे नीट झाला नव्हता. तडवी आणि वसावे मंडळींचं हे गाव. कोणता डोंगर कुणाच्या आज्याने तोडून शेत केला, कोणत्या नाल्यापर्यंत कुणाची हद्द, देव कुठे, पूर्वजांचे दगड कुठे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ते कुणी लिहिलं नाही.

बाहेरच्या माणसांनी मात्र लिहिलं, आणि ते आपल्या गरजेपुरतं. मराठी वाचकाला हा काठ माहीत आहे तो शूलपाणीची झाडी म्हणून. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांना या जंगलातून जावं लागे आणि इथे भिल्ल वाट अडवून अंगावरच्या लंगोटीखेरीज सगळं काढून घेत, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून मराठी मनाला परिक्रमेची ओढ लागली; अलीकडे जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’ने ती घरोघरी नेली. ही ओढ मलाही आहे. पण परिक्रमेच्या वाङ्मयात काठावरचा माणूस यात्रेकरूला ज्या क्षणी भेटतो तेवढ्याच क्षणापुरता येतो. लुटणारा किंवा खाऊ घालणारा, एवढीच त्याची दोन रूपं. तो संध्याकाळी कोणत्या घरी परततो, त्याच्या घरात त्या वर्षी धान्य किती आलं होतं, हे विचारायला यात्रेकरू थांबत नाही. त्याला पुढे जायचं असतं. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर मणिबेलीलाच होतं. इतकी शतकं माणसं तिथे येऊन माथा टेकवून गेली, आणि मंदिराशेजारच्या गावाबद्दल चार ओळी मिळवायच्या तर आज शोधत फिरावं लागतं. मला हे लागतं.

इंग्रजांचीही गरज वेगळी होती. १८१८मध्ये खानदेश त्यांच्या हातात आला आणि डोंगरातल्या भिल्लांना आवरणं हे त्यांचं पहिलं काम ठरलं. १८२५मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. १८८०च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या पट्ट्यातल्या मेहवासी संस्थानांचं वर्णन येतं : काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर. संस्थानिकांची घराणी, त्यांचं उत्पन्न, जंगलातलं सागवान. काठीची होळी आजही राजवाडी होळी म्हणून गाजते आणि डोंगर उतरून हजारो माणसं रात्रभर ढोलावर नाचतात. याहामोगी मातेची कथा सांगणारे डाबचं नाव घेतात, ते गावही याच अक्कलकुवा तालुक्यातलं. म्हणजे प्रदेशाची स्मृती दांडगी आहे. ती गाण्यात आहे, पूजेच्या क्रमात आहे, कुणाच्या मयतीला कोणत्या पाड्याने काय आणायचं यात आहे. सरकारच्या दप्तराला ती कधी लागली नाही.

१ मे १९६०ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली तेव्हा पश्चिम खानदेशातली बरीच गावं गुजरातला गेली. नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या चारही तालुक्यांतली. मणिबेली महाराष्ट्रातच राहिली, अगदी टोकावर, नदीच्या पलीकडे गुजरात आणि खाली प्रवाहाच्या दिशेलाही गुजरात. शाळेच्या पुस्तकात नर्मदेची महाराष्ट्रातली लांबी ५४ किलोमीटर दिलेली असते. त्या एवढ्याशा काठाचा पश्चिमेकडचा शेवट मणिबेलीच्या बाजूला आहे. राज्यं होऊन वर्ष व्हायच्या आत, ५ एप्रिल १९६१ला, खालच्या अंगाला गोऱ्याजवळ पंतप्रधान नेहरूंनी नर्मदेवरच्या धरणाचा, म्हणजे पुढच्या सरदार सरोवराचा, पायाचा दगड बसवला. मणिबेलीचं भवितव्य त्या दिवशी ठरलं असं आता म्हणता येतं. नंतर मोजणीची माणसं आली आणि कुठवर पाणी चढेल त्याच्या खुणेचे दगड डोंगरात रोवून गेली.

माझ्या मते मणिबेलीचं लिखित दप्तर खऱ्या अर्थाने इथून सुरू होतं. गाव बुडवायचं म्हणून ते मोजलं गेलं.

१९६९मध्ये नेमलेल्या नर्मदा पाणीतंटा लवादाचा अंतिम निवाडा डिसेंबर १९७९मध्ये आला. पाण्याचे वाटे पडले. महाराष्ट्राला सरदार सरोवराच्या विजेतला २७ टक्के हिस्सा मिळाला. त्यासाठी महाराष्ट्राची ३३ गावं जाणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, सगळी आदिवासींची. हा निवाडा वाचताना एक गोष्ट मान्य केली पाहिजे की पुनर्वसनाच्या बाबतीत तो त्या काळाच्या मानाने पुढे होता. विस्थापित कोण, तर भूसंपादनाच्या अधिसूचनेआधी किमान वर्षभर जो तिथे राहतो किंवा जमीन कसतो तो. जमिनीच्या बदल्यात किमान दोन हेक्टर जमीन. सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब.

आता हे कलम घेऊन कागद नसलेल्या गावात उतरा. जमीन कुणाची? सातबारा कुठे आहे? पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या कितीतरी शेतांवर सरकारी दप्तरात वनखात्याचं नाव आणि कसणारा अतिक्रमणदार. मुलगा सज्ञान आहे का? जन्माचा दाखला दाखवा. सप्टेंबर १९७०मध्ये नर्मदेला जो महापूर आला, त्याच्या आदल्या होळीला मुलगा रांगत होता, असं आई सांगते. तिचं सांगणं चोख आहे. १९७२च्या दुष्काळात तो तिच्यामागे पाणवठ्यापर्यंत चालत येण्याइतका झाला होता, हेही ती सांगेल. पण अधिकाऱ्यापुढच्या रकान्यात तारीख लिहायची असते. पूर आणि दुष्काळ या दोन खुणांवर माणसाचं वय अचूक बसवता येतं, फक्त बसवणाऱ्याने ऐकायची तयारी ठेवावी लागते. पुढची कित्येक वर्षं विस्थापित म्हणून ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ अशा दोन याद्यांमध्ये माणसं अडकून पडली. एकाच आईच्या दोन मुलांपैकी एक घोषित आणि एक अघोषित असणं म्हणजे काय, हे त्या घरात बसल्याशिवाय कळत नाही. आपल्या राज्याने आपल्याच सर्वांत जुन्या रहिवाशांना ‘तुम्ही इथे होतात हे सिद्ध करा’ असं सांगितलं, या गोष्टीचा मला आजही राग येतो.

पुढचा इतिहास अनेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. मेधा पाटकर १९८५मध्ये खोऱ्यात आल्या. १९८६मध्ये नर्मदा धरणग्रस्त समिती झाली; आधी माहिती मागितली, मग पुनर्वसन मागितलं, आणि १९८८मध्ये धरणालाच पूर्ण विरोध जाहीर झाला. महाराष्ट्रातलं पाण्याखाली जाणारं पहिलं गाव मणिबेली, म्हणून पावसाळ्यातले सत्याग्रह तिथे झाले. १९९१, १९९२, १९९३. पाणी चढेल तेव्हा घरातून हलायचं नाही असा निर्धार, पोलिसांच्या तुकड्या, अटका, जबरदस्तीने उतरवलेली घरं. १९९३च्या पावसाळ्यात मणिबेलीतल्या घरांत पाणी शिरलं. जागतिक बँकेने १९८५मध्ये धरणासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांच्या स्वतंत्र समितीने जून १९९२च्या अहवालात प्रकल्प सदोष ठरवला; अतिक्रमणदार म्हणून हिणवलेल्या आदिवासींच्या हक्काचा मुद्दा त्यात ठळक होता. मार्च १९९३मध्ये भारताने उरलेलं कर्ज घेणार नसल्याचं कळवलं. आणि १९९४मध्ये, मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणं थांबवावं, अशा मागणीच्या एका जाहीरनाम्यावर ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी सह्या केल्या. त्याचं नाव मणिबेली जाहीरनामा. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या ‘अ नर्मदा डायरी’ या १९९५च्या माहितीपटात त्या दिवसांतली ही माणसं चालताबोलताना दिसतात.

शे-दीडशे घरांची वस्तीही जिथे एकत्र दिसत नाही, अशा डोंगरातल्या गावाचं नाव वॉशिंग्टनच्या टेबलावर गेलं. त्याच सुमारास शूलपाणेश्वराचं मंदिर पाण्यात गेलं आणि गोऱ्याला नवं बांधलं गेलं. त्याच दशकात, १ जुलै १९९८ला, धुळे जिल्हा फोडून नंदुरबार जिल्हा झाला. मणिबेली धुळे जिल्ह्यात बुडू लागली आणि नंदुरबार जिल्ह्यात बुडत राहिली. १८ ऑक्टोबर २०००ला सर्वोच्च न्यायालयाने धरणाला परवानगी दिली. विस्थापनामुळे आदिवासींच्या मूलभूत हक्कांवर आपोआप घाला पडतो असं नाही, नव्या जागी त्यांना जास्त सोयी मिळतील, असा त्या निकालातल्या बहुमताचा सूर होता. धरण वाढत गेलं, २०१७मध्ये दरवाजे बंद झाले, आणि सप्टेंबर २०१९मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला टेकलं.

इंग्लंडमध्येही गाव बुडवलं गेलं आहे. मँचेस्टर शहराला पाणी हवं होतं म्हणून १९३०च्या दशकात हॉजवॉटर तलावाखाली मार्डेल नावाचं खेडं गेलं. ऑगस्ट १९३५मध्ये तिथल्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली. त्याआधी दफनभूमीतले ९७ मृतदेह काढून शॅप या गावी नेऊन पुन्हा पुरले होते. कुणाचे ते ठाऊक होतं, कारण वही होती. उन्हाळ्यात तलाव आटला की भिंती उघड्या पडतात आणि लोक पाहायला जातात. मार्डेलवर अन्याय झाला नाही असं मी म्हणणार नाही. घर सोडणाऱ्या प्रत्येकाचं दुःख सारखंच. पण तिथे मेलेल्यांनाही मोजून हलवलं. सातपुड्यात जिवंत माणसांची मोजणीच पंचवीस वर्षं पुरी होत नव्हती. पूर्वजांचे दगड ज्यांना हलवता आले त्यांनी खांद्यावरून वर नेले, बाकीचे राहिले तिथेच राहिले.

मी लाँचने त्या पाण्यावरून गेलो तेव्हा एक म्हातारे तडवीबाबा शेजारी बसले होते. गुजरातच्या बाजूने बाजार करून परतत होते. मीठ, तेल, पत्र्याचे खिळे. मी काही विचारलं नव्हतं. लाँच एका वळणाला आली तशी ते आपणहून सांगू लागले. हे खाली अमक्याचं शेत, ते चढावर तमक्याने तोडलं, त्याच्या बापाने नाही, त्यानेच. इथे उन्हाळ्यात पायउतार होता, पलीकडे सोयरिकी होत्या. इथे मासे मिळायचे पण अमुक महिन्यातच. त्यांचं बोट पाण्यावर फिरत होतं आणि एकही नाव चुकत नव्हतं, कारण मध्ये मध्ये पुढे बसलेली एक बाई मान न वळवता दुरुस्ती करत होती : “त्याचं नाही बाबा, त्याच्या मोठ्या भावाचं.” ते लगेच मान्य करत. एक सांगतो आणि दुसरी तपासते, यालाच राजवाडे साधनचिकित्सा म्हणाले असते असं मला वाटतं. नुसत्या आठवणीत हळवेपणा असतो, पण ही आठवण नव्हती, ही नोंद होती.

मणिबेली आज एका जागी नाही, ही इतिहास लिहिणाऱ्याची खरी अडचण. काही कुटुंबं गुजरातमध्ये तेव्हाच्या वडोदरा जिल्ह्यात परवेट्याला गेली, काही तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींत आली. त्या वसाहतींसाठी तळोद्याचं जंगल तोडून जमीन काढली होती. म्हणजे तिथेही आधी कुणाचं गुरं चारण्याचं रान होतं, आणि ते रान गमावणाऱ्यांचा राग नव्याने आलेल्यांना सोसावा लागला. काही माणसं हललीच नाहीत. पाणी वर येईल तशी वर सरकली, घर उतरवून पुन्हा उभं केलं. पाणी ओसरलं की गाळपेर करतात, बाकी दिवस मासेमारी. दवाखाना पाण्यावरून येतो, रेशनही. मूळ गावात धरणविरोधी आंदोलनाची जीवनशाळा आहे. या शाळा १९९१-९२च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाणला सुरू झाल्या, घरच्या बोलीतून शिकवायचं हा त्यांचा पाया. तिथे शिकलेली पहिली पिढी आता चाळिशीकडे आली आहे. लिहू शकणारी मणिबेलीची ही पहिली पिढी.

आणि याच पिढीच्या हातात कायद्याने एक साधन दिलं आहे, ज्याची चर्चा इतिहासाच्या मंडळींत मी फारशी ऐकली नाही. डिसेंबर २००६मध्ये वनहक्क कायदा झाला, ३१ डिसेंबर २००७पासून तो लागू झाला. जंगलजमिनीवरचा दावा सिद्ध करायला कोणता पुरावा चालेल, याची यादी त्याच्या नियमांत, तेराव्या नियमात, आहे. गॅझेटियर, जनगणना, नकाशे, सरकारी आदेश हे अपेक्षितच. पण त्याच यादीत विहिरी, दफनाच्या जागा, देवाच्या जागा यांना पुरावा म्हणून स्थान आहे. वंशावळीला स्थान आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वृद्धांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा आहे. ज्या म्हाताऱ्याचं बोलणं १९८०च्या दशकात रकान्यात बसलं नाही, ते आता कायद्याने बसतं. तपासायचं ग्रामसभेने.

पूर्वजांचे दगड आणि देवाच्या जागा पुष्कळशा पाण्याखाली गेल्यावर त्या पुरावा म्हणून मान्य झाल्या. हे दुःख कोणत्याही नियमाने भरून येणारं नाही. तरी वरच्या डोंगरातल्या जमिनींचे दावे आहेत, आणि जबाब घ्यायला म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांना विचारायच्या प्रश्नांची यादी मी करून ठेवली आहे. प्रत्येक पाड्याचं नाव आणि तो कुणी वसवला. प्रत्येक शेताचं नाव, ते कुणी आणि कोणत्या पुराच्या किंवा दुष्काळाच्या आगेमागे तोडलं. पायउतार कुठे होता. शूलपाणेश्वराच्या यात्रेला गावाकडे कोणती कामं असायची. परिक्रमावासी आले तर त्यांना कुणी काय दिलं, आणि हो, कुणी काय काढून घेतलं तेही, कारण तोही या गावाचा इतिहास आहे आणि त्याची बाजू अजून गावाच्या तोंडून आलेली नाही. १९९३मध्ये कुणाचं घर कोणत्या दिवशी गेलं. प्रत्येक जबाब दुसऱ्या माणसाने ऐकून दुरुस्त केलेला असावा, लाँचवरच्या त्या बाईने केला तसा. आणि लिहिणारा बाहेरचा नसावा, मीही नसावा. जीवनशाळेत शिकलेल्यांपैकी कुणीतरी देहवाली या घरच्या बोलीत ऐकून लिहावं. धुळ्याच्या मंडळात त्याची एक प्रत राजवाड्यांच्या कागदांशेजारी ठेवली जावी, एवढी खटपट मी करू शकतो.

तळोद्याच्या वसाहतींतल्या म्हाताऱ्यांकडे एसटीने जाता येईल. परवेट्याचं काम वेगळं आहे. तिथली माणसं आता दुसऱ्या राज्याच्या ग्रामसभेत बसतात, आणि त्यांचा जबाब लिहून घेणारी त्यांची नातवंडं गुजराती शाळेत शिकतात. तो भाग गुजराती लिपीत लिहिला जाईल.